नळदुर्ग तुम्ही कधी पाहिलात? आपापला किल्ला सांगा

गेल्या पावसाळ्यात धाराशिव जिल्ह्यातल्या आमच्या नळदुर्गजवळचं बोरी नदीवरचं धरण भरलं आणि गावाकडच्या ग्रुपवर किल्ल्यातल्या नर-मादी धबधब्याचे व्हिडिओ यायला लागले. एकानं लिहिलं, "आपला किल्ला कधी नव्हे इतका देखणा झालाय." दुसरा म्हणाला, "आधीचाच बरा होता." दोघंही नळदुर्गचेच. तेव्हा ज्यानं जसा पाहिला तसा लिहून ठेवूया. सुरुवात मी करतो.

१९८६ च्या सुमारास आम्ही पोरं उपळी बुरुजाकडं जायचो ती वेड्या बाभळी हातानं बाजूला सारत. वरच्या हत्ती तोफेला आणि मगर तोफेला उन्हात हात लावायची सोय नसे. आजोबांची शेरडं आतच चरायची. तिकीट नाही, दिवा नाही. दिवस कलला की आई हाक मारायची. पाणीमहालात पाय टाकला की वटवाघळांचा वास नाकात बसायचा. तरी नदीला पाणी आलं की आम्ही तिथंच. इब्राहिम आदिलशहा दुसरा याच्या काळात, १६१३ साली बोरीवर बंधारा घातला आणि त्याच्या पोटात हा महाल काढला. पूर नर आणि मादी अशा दोन वाटांनी खाली कोसळतो, आतला माणूस कोरडा. खिडकीच्या कट्ट्यावर बसलं की दगडाची थरथर मांड्यांना कळायची. ती मी अजून विसरलेलो नाही.

*अणदूरहून*
आमच्या आजीनं हा किल्ला आतून कधीच पाहिला नाही. पौष पौर्णिमेला खंडोबाच्या यात्रेला ती दरवर्षी नळदुर्गला यायची, पण किल्ला दिसला की पदर पुढं ओढून घ्यायची. १३ सप्टेंबर १९४८ ला निजामाचं हैदराबाद संस्थान घ्यायला सोलापूरकडून भारताची फौज आली, पहिली लढाई इथंच झाली आणि बोरीवरचा पूल फौजेनं शाबूत ताब्यात घेतला, हे मी पुस्तकात वाचलं. आजीला तारीख ठाऊक नव्हती. ती म्हणायची, "मुगाच्या शेंगा तोडाय लागलो होतो, अन् भुई हादरली." तिच्या लेखी किल्ला म्हणजे रजाकाराच्या काळातली धास्ती. मी माझ्या नातवाला तिथं सहलीला नेलं, तेव्हा सारखी तिचीच आठवण येत होती.

*निवृत्त शिक्षक, तुळजापूर तालुका*
एक भर घालतो. जिल्ह्याचं नाव एके काळी नळदुर्गच होतं. १८५३ साली हा मुलूख इंग्रजांकडं गेला, १८६० साली निजामाकडं परत आला. इंग्रज अधिकारी मेडोज टेलर इथंच राहून कारभार बघायचा. पुढं मुख्य ठाणं उस्मानाबादला, म्हणजे आजच्या धाराशिवला गेलं आणि नळदुर्ग तालुक्याचंही गाव राहिलं नाही. वर्गात मुलांना हे सांगताना माझा आवाज दरवेळी जड व्हायचा.

*सोलापूरहून*
लग्नानंतर पहिल्यांदा गेले ती एप्रिलात. धबधबा कोरडा, दगडावर शेवाळाचे वाळलेले काळे ओघळ. हिरमुसले. मग ऑगस्टमध्ये सासूबाईंना घेऊन गेले. त्यांचे गुडघे दुखतात, तरी भिंतीला धरून एकेक पायरी उतरल्या. महालात बोललेलं ऐकू येईना. त्यांनी खिडकीतून हात बाहेर काढला, तुषारांनी भिजलेला तळवा डोळ्यांना लावला. देवळातलं तीर्थ घ्यावं तसा.

*नळदुर्ग, चहाचा गाडा*
२०१४ मध्ये किल्ला संगोपनासाठी खाजगी हातात गेला. बाभळी निघाल्या, बाग झाली, दिवे लागले, तिकीट आलं. माझा गाडा दरवाजाबाहेर हलवावा लागला. पहिली दोन वर्षं लई वाईट गेली, उधारीवर दूध आणलं. आता पावसाळ्यातल्या रविवारी बायको-पोरगा दोघं मदतीला लागतात. धंदा वाढला, हे खरं. पण बाप शेळ्या घेऊन जिथं बसायचा त्या जागी मला तिकीट काढून जावं लागतं, तेवढं मनाला लागतं.

यंदा बोरी भरलं की इथंच कळवतो. यायचं तर सकाळी लवकर या, दुपारनंतर महालाच्या पायऱ्यांवर रांग लागते.