'ग्रम्बल'ला मराठीत काय म्हणायचं?

बेळगावहून प्रश्न: इंग्रजी मजकुरात 'वर्कर्स ग्रम्बल्ड अबाउट द न्यू शिफ्ट' असं वाक्य आहे. 'कामगारांनी नव्या पाळीबद्दल तक्रार केली' असं लिहिलं तर चालेल का? कोशात कुरकुर, पुटपुट, कुणकुण, भुणभुण, धुसफूस असे शब्द एका ओळीत सापडतात. यातला कधी कोणता घ्यायचा?

निपाणीहून: 'तक्रार केली' चालणार नाही. मराठीत तक्रार कुणाकडे तरी जाते. मुकादमाकडे, युनियनकडे, लेबर ऑफिसात. ग्रम्बल जागच्या जागी फिरत राहतं. ज्याच्याबद्दल बोलायचं त्याच्यासमोर ते सहसा उघड येत नाही. म्हणून 'नव्या पाळीवरून कामगारांत कुरकुर सुरू झाली'. इथे 'कामगारांनी' पेक्षा 'कामगारांत' बरं, कारण इथली कुरकुर आपसातली आहे.

शब्द ठरवताना मूळ मजकुराला तीन प्रश्न विचारा. कुणी ऐकलं? लेखी काही दिलं का? एकदाच झालं की पुन्हापुन्हा? साहेबांनी ऐकलं आणि अर्जही दिला, तर इंग्रजीत ग्रम्बल लिहिलेलं असलं तरी मराठीत तक्रारच लिहावी लागेल. अर्ज नाही, पण रोज चहाच्या वेळी तोच विषय, तर कुरकुर. एकदाच कुणीतरी तोंडातल्या तोंडात काही बोललं, तर पुटपुट.

खानापूरहून: ग्रम्बल आणि मटर (खायचा मटार नव्हे) यांतला फरकही इथेच सांगून टाकावा. मटरमध्ये शब्द अस्पष्ट असतात, नाराजी असेलच असं नाही. देवासमोर स्तोत्र म्हणणारा माणूसही पुटपुटतोच. ग्रम्बलमध्ये नाराजी असतेच, आवाज मात्र चांगला स्पष्ट असू शकतो. त्यामुळे मटर म्हणजे पुटपुटणं, ग्रम्बल म्हणजे कुरकुरणं, आणि दोन्ही एकत्र असेल तर 'तोंडातल्या तोंडात कुरकुरत'. 'मनातल्या मनात कुरकुरला' असं लिहू नका. कुरकुरीला आवाज लागतो. मनातल्या मनात माणूस चडफडतो.

मर्मर हा तिसरा. हा लॅटिनमधून आलेला. संस्कृतातही मर्मर आहे, पण तो पानांच्या किंवा वस्त्राच्या सळसळीचा आवाज. इंग्रजीत पसंतीचाही मर्मर असतो. सभेत एखादं वाक्य आवडलं की होतो तो. त्याला कुरकुर म्हटलं तर अर्थ उलटा होईल, तिथे 'कुजबूज' ठीक. मात्र जुन्या इंग्रजी बायबलात इस्राएली लोक मोशेविरुद्ध मर्मर करतात ते नाराजीचंच, आणि मराठी बायबलात तिथे कुरकुर आहे. 'विदाउट अ मर्मर' ला तर आपल्याकडे तयार जोडी आहे: हूं की चूं न करता.

निपाणीहून: घडणीतही एक गंमत आहे. ग्रम्बल, मम्बल या क्रियापदांच्या शेवटचा 'ल' पुन्हापुन्हा होणारी बारीक क्रिया दाखवतो. इंग्रजी हे काम शेपटीने करते, मराठी शब्द दुमडून करते: कुर-कुर, पुट-पुट, भुण-भुण. म्हणून 'एकदा कुरकुरला' हे कानाला खटकतं.

चिक्कोडीहून: आपल्या भागात कन्नडमधून मराठी करताना खरी ठेच लागते, ती सांगतो. कन्नडात ग्रम्बलला 'गोणगु', नाम 'गोणगाट'. ऐकायला आपल्या 'गुणगुण'सारखं. पण मराठीत गुणगुणतो तो गाणं गुणगुणतो, त्याची कुणाबद्दल काही तक्रार नसते. 'कामगार गुणगुणत होते' असं छापून आलं तर वाचकाला ते खुशीत वाटतील! गुणगुणण्याला कन्नडात 'गुनुगु' हा वेगळा शब्द आहे.

दुसरी ठेच 'तकरारु'. मूळ अरबी तकरार म्हणजे पुनरावृत्ती. मराठीत ती तक्रार झाली, हिंदीत भांडण झाली, कन्नडात मुख्यतः हरकत किंवा वाद. कन्नड कागदावर जमिनीच्या नोंदीला 'तकरारु' आली असेल तर मराठीत 'हरकत' लिहा. आपण ज्याला तक्रार म्हणतो तो कन्नडातला 'दूरु'.

'किरिकिरि'चंही तसंच. कन्नडात ती डोक्याला होणारा ताप. मराठीत किरकिर मुख्यतः पोराची, झोप आली की लावतात ती. इंग्रजीत त्याला व्हाइन म्हणा; ग्रम्बल मोठ्या माणसाचं.

बेळगावहून: मग कुरबूर आणि धुसफूस?

खानापूरहून: कुरबुरीला दोन बाजू लागतात. सासू-सुनेत, युतीतल्या पक्षांत, शेजारच्या बांधावर. एकटा माणूस कुरकुरतो, कुरबूर दोघांत होते. धुसफूस आवाजापेक्षा तोंडावर जास्त दिसते. भांडी आदळली जातात, उत्तरं तुटक येतात. 'कुणकुण' यादीतून काढून टाका. आता तिचा अर्थ सुगावा: बदलीची कुणकुण लागली. 'भुणभुण' एकाच माणसाच्या कानाशी सतत, तीही बहुतेक काही मागण्यासाठी.

कुरबुरीचा आणखी एक उपयोग आहे, तो इंग्रजीशी छान जुळतो. इंग्रजीत 'ग्रम्बलिंग अपेंडिक्स' म्हणतात: अधूनमधून दुखणारं, पण एकदम न उसळणारं. आपल्याकडेही 'तब्येतीच्या कुरबुरी' असतातच. 'अपेंडिक्स कुरकुर करतंय' लिहू नका, 'अपेंडिक्सच्या कुरबुरी' लिहा. पोट ग्रम्बल होतं तेव्हा मात्र गुडगुड.

निपाणीहून: एक महत्त्वाचं राहिलं. ग्रम्बल हा ऐकणाऱ्याचा शब्द आहे, बोलणाऱ्याचा क्वचितच. कुरकुरीचंही तेच. 'मी कुरकुर केली' असं कोण म्हणतं? आपण 'बोललो', 'सांगितलं', 'तक्रार केली'. कुरकुर दुसरे करतात. म्हणजे हा शब्द वापरणारा समोरच्याचं म्हणणं आधीच थोडं हलकं करतो. काका पुतण्याला 'काय कुरकुर करालायस?' म्हणतो तेव्हा त्यात 'गप काम कर' आलेलंच असतं.

म्हणून बातमीत जपून. 1981 साली निपाणीच्या तंबाखू उत्पादकांनी भावासाठी हमरस्ता अडवला, गोळीबारात शेतकरी मेले. त्याला ग्रम्बल म्हणणं चूक, कुरकुर म्हणणं त्याहून वाईट. सीमाभागात मराठीतून कागदपत्रं मिळावीत म्हणून अर्ज, मोर्चे होतात, तीही मागणी आहे. इंग्रजी मथळ्यात 'ग्रम्बल' दिसलं तर आधी आतली बातमी वाचा. निवेदन दिलेलं असेल तर 'मागणी' किंवा 'नाराजी' लिहा.

चिक्कोडीहून: 'मस्न्ट ग्रम्बल' हे इंग्रजांचं 'कसं काय'ला ठेवलेलं उत्तर. 'मी कुरकुर करता कामा नये' असं शब्दशः केलं तर वाचणारा बुचकळ्यात पडेल. आपलं 'चाललंय की' तिथे नेमकं बसतं.

बेळगावहून: 'गाऱ्हाणं' चालेल का कुठे?

खानापूरहून: ग्रम्बलला नाही. गाऱ्हाणं वरच्याकडे मांडतात. आणि इथून खाली घाट उतरून गोव्याकडे, कारवाराकडे गेलात तर गाऱ्हाणं देवाला घालतात, ती प्रार्थना असते.

लेखनाचंही पाहून घ्या. कुरकुर, पुटपुट, भुणभुण यांत दोन्ही उकार ऱ्हस्व छापतात; कुरबूर, धुसफूस, कुजबूज यांत दुसरा दीर्घ. प्रत्यय लागला की तोही ऱ्हस्व होतो: कुरबुरीमुळे, धुसफुशीत. तुमच्या वाक्यात 'कुरकुर' आहे, तेव्हा चिंता नाही.