मदत हवी आहे : नागपूर–चंदीगड–पुणे, आणि वाटेतच संपणारी नाताळची सुट्टी

सर्व सभासदांना नमस्कार.

नाताळच्या सुट्टीत चंदीगडला धाकट्या बहिणीकडे आणि तिथून पुण्याला सासरी जायचे, असा आमच्या घरचा काही वर्षांचा शिरस्ता आहे. गेल्या वर्षी या दोन मुक्कामांमधली वाट इतकी लांबली की ‘सुट्टी कुठे घालवलीस’ असे शाळेत विचारल्यावर मुलीने ‘विमानतळावर’ असे उत्तर दिले. वर्ग हसला म्हणे. यंदाची आरक्षणे सुरू व्हायला अजून थोडा अवकाश आहे, तेवढ्यात जाणकारांचा सल्ला घ्यावा म्हणून हा धागा काढते आहे. मजकूर लांबला आहे याची जाणीव आहे, पण त्रोटक माहिती दिली की सल्ला देणाऱ्याचीच पंचाईत होते.

आम्ही चौघे आहोत : मी, माझे यजमान, सातवीतली मुलगी आणि ७४ वर्षांची माझी आई. आईचे दोन्ही गुडघे दुखरे आहेत. तिला जिना चढवत नाही आणि तासाभराहून अधिक वेळ पाय खाली सोडून बसले की पावलांना सूज येते. आम्ही प्रतापनगरला राहतो, त्यामुळे सोनेगावचा विमानतळ घरापासून अगदी जवळ आहे, आणि मला वाटते आमची पहिली चूक तिथेच होते. विमानतळ जवळ म्हणजे प्रवास जवळचा, असा एक समज मनात घर करून बसतो.

गेल्या वर्षी आम्ही २४ डिसेंबरला संध्याकाळी पाचला घर सोडले आणि ३ जानेवारीला सकाळी अकराला परत कुलूप उघडले. हे एकूण २३४ तास होतात. यजमानांना हिशेबाची सवय असल्याने त्यांनी दारापासून दारापर्यंतचे प्रवासाचे तास डायरीत मांडून ठेवले होते : नागपूर ते चंदीगड २७, चंदीगड ते पुणे १९, पुणे ते नागपूर १५. बेरीज ६१. म्हणजे सुट्टीचा पावभागाहून अधिक काळ आम्ही कुठेही नव्हतो.

पहिल्या टप्प्यातला घोळ बराचसा आमचाच होता. नागपूरहून संध्याकाळी दिल्ली, रात्र विमानतळावरच काढायची आणि पहाटे चंदीगडचे विमान, असा बेत होता; दोन्ही तिकिटे वेगवेगळ्या कंपन्यांची आणि वेगवेगळी काढलेली, कारण तशी ती स्वस्त पडत होती. आम्हाला नेणारे विमान दिल्लीहूनच येणार होते आणि ते तिकडेच धुक्यात अडकले होते. आम्ही पोहोचेपर्यंत पुढच्या विमानाची वेळ टळून गेली आणि दुसऱ्या कंपनीने, नियमावर बोट ठेवून, हात वर केले. शेवटी दुपारी टॅक्सी केली. अंबाल्याच्या अलीकडे पुन्हा धुके उतरले आणि चालकाने पुढच्या ट्रकचे मागचे दिवे धरून गाडी चालवली. आई वाटभर एक शब्द बोलली नाही.

परतीला ३१ डिसेंबरला पुन्हा दिल्लीमार्गेच पुण्याला निघालो होतो, आणि नववर्ष आम्ही दिल्लीच्या प्रतीक्षागृहात, मोबाइल चार्जिंगच्या खांबाजवळ, जमिनीवर शाल अंथरून साजरे केले. आईसाठी चाकाची खुर्ची मागितली होती आणि ती मिळालीही. परंतु आईला गेटजवळ बसवून मदतनीस गेले, मग गेट बदलले, आणि नवे गेट पार दुसऱ्या टोकाला निघाले. बाराच्या सुमारास कुणीतरी चॉकलेटे वाटली. आमच्याकडे कळमन्याच्या बाजारातून आणलेल्या चार डझन संत्र्यांपैकी पुण्याच्या वाट्याची दोन डझन होती, एकेक वर्तमानपत्रात गुंडाळून कापडी पिशवीत भरलेली. आठवडाभराच्या हेलकाव्यांनी त्यातली बरीच मऊ पडून वास सुटला होता. आईने पिशवी सोडली, सोलायला घेतली आणि शेजारच्या अनोळखी कुटुंबाला फोडी देऊ लागली. साले विमानातून आणलेल्या कागदी पिशवीत जमा होत होती. त्या वेळी तिने नातीला एक गोष्ट सांगितली. आमचे आजोबा नागपूरला टपाल खात्यात होते. ३० जानेवारी १९४९ पासून रात्रीच्या हवाई टपालाची योजना सुरू झाली तेव्हा दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रासहून निघालेली विमाने मध्यरात्री नागपूरला एकत्र येत, टपालाच्या थैल्यांची आणि प्रवाशांची अदलाबदल करत आणि पहाटेपर्यंत आपापल्या गावी परतत. ‘तेव्हा सगळा देश रात्री आपल्याकडे उतरायचा, आणि आता आपण इथे’, असे ती म्हणाली. हे विषयाला सोडून आहे, पण त्या रात्रीचे तेवढेच सुखाचे आठवते.

यंदासाठी माझे प्रश्न असे आहेत. डिसेंबरअखेरीस नागपूरहून चंदीगडला जाण्याचा सर्वांत खात्रीचा मार्ग कोणता, दिल्लीपर्यंत रेल्वे की विमान? विमानच घेतले तर दिवसाच्या कोणत्या वेळेचे घ्यावे? आणि पुण्याहून परतताना आईला झोपून येता येईल अशी सोय कशी करावी? मुंबईमार्गे जाण्याचा पर्याय मी सोडून दिला आहे, कारण हिवाळी अधिवेशनाच्या दिवसांत मुंबई–नागपूर विमाने आणि दुरांतो यांची जी अवस्था असते ती इथल्या सभासदांना सांगायला नको. खर्च थोडा वाढला तरी चालेल. तास वाचले पाहिजेत.

प्रतिसाद १

ताई, मी रेल्वेतून निवृत्त झालो असून नागपुरातच अजनीला राहतो, त्यामुळे आधी रेल्वेचे सांगतो. नागपूर ते दिल्ली हे साधारण १,०९० किलोमीटरचे अंतर आहे आणि जलद गाड्या ते चौदा ते अठरा तासांत कापतात, पण ते वेळापत्रकात. डिसेंबरअखेरीस ग्रँड ट्रंक मार्गावरच्या गाड्या झाशीच्या पुढे धुक्यात सापडतात आणि कित्येक तास रेंगाळतात. तरीही मी तुमच्या जागी असतो तर रेल्वेच निवडली असती, कारण रेल्वे उशिरा का होईना पण तुम्हाला घेऊन पुढे सरकत राहते, आणि आईंना आडवे होता येते. नवी दिल्लीहून चंदीगड शताब्दीने साडेतीन तासांच्या आसपास आहे. मात्र दोन गाड्यांमध्ये चार-पाच तासांचे अंतर ठेवून चालणार नाही. मध्ये एक मुक्कामच धरा.

आरक्षणाचे लक्षात ठेवा. १ नोव्हेंबर २०२४ पासून आगाऊ आरक्षणाची मुदत १२० दिवसांवरून ६० दिवसांवर आली आहे. २४ डिसेंबरचे तिकीट २५ ऑक्टोबरला सकाळी आठला उघडेल, आणि त्या दिवशी आठ वाजून दहा मिनिटांनी चहा पीत संगणक सुरू करण्यात अर्थ नाही. चौघांचे एकच तिकीट काढू नका. ज्येष्ठांसाठीचा खालच्या बर्थचा कोटा साठ वर्षांवरील पुरुषांना आणि पंचेचाळीस वर्षांवरील महिलांना मिळतो, पण एका तिकिटावर असे एक किंवा दोनच प्रवासी असतील तर. तुमचे वय पंचेचाळीसच्या पुढे असेल तर तुमचे आणि आईंचे तिकीट एकत्र काढा, यजमान आणि मुलीचे वेगळे. गाडी तुमच्या स्थानकावर तीन तासांहून अधिक उशिरा येणार असेल आणि जायचे नसेल, तर गाडी प्रत्यक्ष सुटण्याआधी टीडीआर, म्हणजे परताव्याचा अर्ज, भरल्यास पूर्ण पैसे परत मिळतात. लोक हे गाडी निघून गेल्यावर करायला जातात.

प्रतिसाद २

कामानिमित्त मला महिन्यातून दोन-तीनदा दिल्लीला जावे लागते. ‘सकाळचे पहिले विमान घ्यावे, ते वेळेवर सुटते’ हा नेहमीचा सल्ला डिसेंबर-जानेवारीत दिल्लीच्या बाबतीत उलटा पडतो. निरभ्र आकाश, पडलेला वारा आणि जमिनीलगतचा दमटपणा यांमुळे रात्रभर जमीन निवत जाते, उत्तररात्री धुके दाटते आणि सूर्य वर आल्यावर विरळ होते. सकाळच्या विमानाने तुम्ही नागपूरहून वेळेवर निघता आणि थेट त्या धुक्यात जाऊन घिरट्या घालता, किंवा जयपूरला उतरवले जाता. संध्याकाळच्या विमानाचे दुखणे वेगळे असते : तेच विमान दिवसभर चार शहरे करून येते आणि सकाळचा उशीर तोपर्यंत साठत साठत तुमच्या वाट्याला येतो. म्हणून दिल्लीत दुपारी एक ते तीनच्या दरम्यान उतरणारे विमान बघा. दिल्लीच्या धावपट्ट्यांवर दाट धुक्यात विमान उतरवण्याची कॅट-३ बी यंत्रणा आहे आणि ५० मीटर दृश्यमानतेतही उतरता येते हे खरे, पण त्यासाठी विमान तसे सज्ज लागते आणि वैमानिकही तसा प्रशिक्षित लागतो. शिवाय उड्डाणाला त्याहून अधिक दृश्यमानता लागते.

गेल्या वर्षीच्या चुकलेल्या विमानाबद्दल तुम्हाला काही मिळाले नाही ते नियमाला धरूनच आहे. दोन वेगळी तिकिटे म्हणजे कंपन्यांच्या लेखी दोन वेगळे प्रवास. एकाच पीएनआरवर, म्हणजे एकाच आरक्षण क्रमांकावर, जोडविमान घेतले असते तर पुढच्या विमानात बसवून देण्याची जबाबदारी त्यांची होती. बाकी नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमांप्रमाणे, अडीच तासांपर्यंतच्या उड्डाणाला दोन तासांहून अधिक उशीर झाल्यास खाण्यापिण्याची सोय मागता येते, आणि उशीर सहा तासांच्या वर जाणार असेल तर दुसरे विमान किंवा पूर्ण परतावा यांतली निवड तुमची असते. हवामानामुळे झालेल्या उशिराची रोख भरपाई मात्र मिळत नाही, त्यामुळे काउंटरवर आवाज चढवून उपयोग होत नाही. चाकाच्या खुर्चीची विनंती निदान ४८ तास आधी नोंदवा, आणि मदतनीस जाण्याआधी गेटवरच्या कर्मचाऱ्याला आई कुठे बसल्या आहेत ते दाखवून ठेवा.

प्रतिसाद ३

पुण्याहून परतीसाठी अजनी–पुणे वंदे भारत १० ऑगस्ट २०२५ ला सुरू झाली आहे, गाडी उत्तम आहे, आम्ही दोनदा गेलो. पण ८८१ किलोमीटरला बारा तास लागतात आणि सगळ्या जागा बसण्याच्या आहेत. आपल्या आईंची प्रकृती वाचून ती सुचवणार नाही. स्वतःच्या गाडीने समृद्धी महामार्गाने का येत नाही? छत्रपती संभाजीनगरपासून नागपूरपर्यंत रस्ता लोण्यासारखा आहे, आणि पाय मोकळे करायला हवे तिथे थांबता येते.

मूळ धागाकर्ती

तिघांचेही मनापासून आभार. समृद्धीचा विचार केला होता, परंतु यजमानांना सरळ, एकसुरी रस्त्यावर झापड येते हे त्यांनी स्वतःच कबूल केले आहे, आणि मला गाडी चालवता येत नाही. तेव्हा तो विषय मिटला. माझे वय ४६ आहे, त्यामुळे खालच्या बर्थची युक्ती लागू पडेल. इतकी वर्षे आम्ही चौघांचे एकच तिकीट काढून मग डब्यात लोकांच्या विनवण्या करत आलो आहोत.

प्रतिसाद ४

एक विचारू का? आपण आईंना घेऊन धुक्याच्या ऐन भरात उत्तरेकडे जाण्याचा मार्ग शोधत आहात, पण बहिणीने खाली येण्याचा विचार केला आहे का? चंदीगडहून पुण्याला थेट विमान आहे. मी स्वतः पुण्यात असतो आणि माझे भाऊ मोहालीला. आम्ही चार वर्षांपूर्वी हा बदल केला. जायचे त्यांच्याकडे, पण नोव्हेंबरात. भेटायचे सगळ्यांनी, पण नाताळला पुण्यात. विमान कंपन्यांच्या वेळापत्रकात १० डिसेंबर ते १० फेब्रुवारी हा काळ धुक्याचा म्हणूनच धरला जातो. आपणही तो तसाच धरावा.

मूळ धागाकर्ती

हा प्रतिसाद वाचून मी थोडा वेळ स्वतःवरच चिडले, कारण त्रिकोणाच्या तिन्ही बाजू कशा चालायच्या एवढेच आम्ही वर्षभर खल करत होतो, एक बाजू पुसता येते हे सुचलेच नाही. अडचण एकच होती : बहिणीचे नवे घर आईला पाहायचे आहे, आणि ‘तिने इकडे यावे’ म्हटले की आईला ते टाळल्यासारखे वाटते. काल रात्री तिच्याशी आणि बहिणीशी सविस्तर बोलले. आता ठरले आहे ते असे.

नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात दोन दिवसांची किरकोळ रजा आणि रविवार धरून मी एकटी आईला घेऊन जाईन. दिल्लीत दुपारी उतरणारे विमान, पुढे चंदीगडपर्यंत त्याच पीएनआरवर. आई तिथेच महिनाभर राहील, ज्याची तिला मुळीच तक्रार नाही. नाताळला बहिणीचे कुटुंब तिला घेऊन थेट विमानाने पुण्याला येईल. तिकीट दुपारचेच काढायला सांगितले आहे, कारण धुके चंदीगडलाही चुकत नाही. आम्ही तिघे नागपूरहून संध्याकाळी निघून सकाळी पुण्याला पोहोचणाऱ्या गाडीने जाऊ आणि परतताना आईला त्याच रात्रीच्या गाडीने, खालच्या बर्थवर, घेऊन येऊ. यजमानांनी लगेच डायरी काढली. सुट्टीतले प्रवासाचे तास त्यांच्या हिशेबाने ६१ वरून ३४ वर येतात, गाडी उशिरा धावेल हे धरून, आणि त्यातले बरेचसे झोपेत जातील.

सासूबाईंना एकदम सात पाहुणे येणार हे अजून सांगायचे आहे. ते काम यजमानांचे आहे.

आंबिया बहाराची संत्री नोव्हेंबरात बाजारात असतातच, त्यामुळे आईने चंदीगडची दोन डझन आत्ताच सांगून ठेवली आहेत. या वेळी कापडी पिशवी नको, पुठ्ठ्याचे खोके घे, असेही तिने बजावले आहे.