सातारच्या कॉलेजातलं पाळणाघर : नियम आणि निधी

प्रेषक : वैशाली, सातारा

सर्वांना नमस्कार,

पाळणाघराला मदत करायचं मंडळाने ठरवलं, त्याबद्दल मनापासून आभार. ग्रंथालयामागची तळमजल्यावरची खोली मिळाली आहे. प्राचार्यांनी आता नियमावली मागितली आहे.

आमच्या एम.ए.च्या वर्गात लग्न झालेल्या मुली बऱ्याच आहेत. जावळी, कोरेगावहून एसटीने येतात. बाळ झालं की काही महिने ओढाताण करतात आणि मग यायच्या बंद होतात. २०१७च्या सुधारित मातृत्व कायद्याने पन्नास किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघर सक्तीचं केलं, पण ते नोकरदार बाईसाठी. विद्यार्थिनी त्यात येत नाही. पीएच.डी. करणारीला विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) नियमांत २४० दिवसांची रजा आहे. बी.ए., एम.ए.च्या मुलींना हजेरीत सवलत देण्याबद्दल यूजीसीने डिसेंबर २०२१मध्ये विद्यापीठांना कळवलं. सवलत मिळाली तरी तासाला बसायचं तर बाळ कुणाजवळ ठेवायचं?

मनीषाताई, तुम्ही तिकडे कॉलेजच्याच बालकेंद्रात शिकवता. तुमच्याकडे नियम कसे आहेत ते सविस्तर लिहाल का?

वैशाली

प्रेषक : मनीषा, कॅलिफोर्निया

वैशाली,

आमच्या केंद्रात बाळं असतात, शिकणाऱ्या आया असतात आणि बालविकास हा विषय घेतलेले विद्यार्थीही असतात. तिघांच्या गरजा रोज एकमेकींच्या आड येतात. अशा वेळी निकाल बाळाच्या बाजूने द्यायचा, हे आमचं धोरण आणि बाकीचे नियम त्यातूनच निघालेत.

वेळेचंच घे. आईला वाटतं, तास असेल तेव्हा सोडावं, संपला की न्यावं. पण वर्षाच्या बाळाला रोज तोच चेहरा आणि झोपायला तीच जागा लागते. त्यामुळे आमच्याकडे सुटे तास मिळत नाहीत. सोम-बुध-शुक्र किंवा मंगळ-गुरू असे ठरलेले दिवस घ्यावे लागतात आणि आई आपलं वेळापत्रक त्याप्रमाणे लावते. प्रत्येक बाळाची एक ताई ठरलेली असते. तीच भरवते, तीच दुपटं बदलते, तीच झोपवते. नवीन बाळाचे पहिले काही दिवस आई खोलीतच बसते, मग हळूहळू बाहेर थांबायला लागते.

संख्येच्या बाबतीत अजिबात सैल सोडू नका. कॅलिफोर्नियात सरकारी अनुदानावरच्या केंद्रांना दीड वर्षाखालच्या तीन बाळांमागे एक मोठं माणूस लागतं, दीड ते तीन वर्षांच्या चार मुलांमागे एक आणि त्यापुढे आठांमागे एक. एका बाईला दोनच हात आणि एकच मांडी असते.

विद्यार्थी आमच्याकडे निरीक्षणाला येतात, पण बाळाजवळ एकटे कधीच राहत नाहीत. पहिल्या दिवशी ते वहीत लिहितात, 'बाळ हट्टी आहे.' आम्ही ते खोडायला लावतो. मग लिहिलं जातं, 'आई दाराबाहेर गेली. बाळाने दाराकडे पाहिलं, खालचा ओठ पुढे आला, हातातला डबा खाली टाकला, उचलून दिल्यावर पुन्हा टाकला.' एवढं दिसायला लागलं की बाळ काय सांगतंय ते कळू लागतं. तुमच्या मानसशास्त्राच्या मुलींना हे नक्की शिकवा.

आणखी थोडं. ताप औषधाशिवाय चोवीस तास उतरलेला असेल तरच बाळ परत घ्यायचं. मारणं, कोंडणं, खाऊ बंद करणं हे कुठल्याही कारणाने नाही. एका मुलाने दुसऱ्याला चावलं, तर काय झालं ते दोन्ही घरी सांगायचं, पण चावणाऱ्याचं नाव दुसऱ्या घरी सांगायचं नाही. दीड-दोन वर्षांची मुलं चावतात. त्या वयात बोलायला शब्द कमी पडतात. नाव फुटलं की त्या पोरावर शिक्का बसतो.

मनीषा

प्रेषक : वैशाली, सातारा

मनीषाताई,

ठरलेले दिवस आणि ठरलेली ताई हे आम्ही घेतलं. दोन अडचणी मात्र इथल्याच आहेत. पहिली, घरून विचारतात, "पाळणाघरात ठेवायचंय तर निदान एबीसीडी तरी शिकवा." दुसरी, न्यायला कोण येईल याचा भरवसा नसतो. कधी दीर मोटरसायकलवर, कधी शेजारचे काका. त्यात एसटी चुकली की आईला पोचायला तासभर उशीर.

वैशाली

प्रेषक : श्रीकांत, मंडळाचे खजिनदार

वैशाली, मनीषा,

भिंतींवर चित्रं, घसरगुंडी, चांगली खेळणी यासाठी निधी लगेच उभा राहील. लोकांना आपण काय दिलं ते दिसायला हवं असतं. पगाराला पैसे मागितले की हात आखडता होतो.

श्रीकांतकाका

प्रेषक : मनीषा, कॅलिफोर्निया

वैशाली,

अक्षरं गिरवायला लावू नका, कुणी कितीही म्हटलं तरी. २०२०च्या शैक्षणिक धोरणातही तीन ते आठ वर्षांचा पायाभूत टप्पा खेळातून शिकण्याचा मानलाय. तुमची मुलं तर त्याहून लहान आहेत. पाणी ओतणं, डाळ निवडणं, गाणी, गोष्टी, माती, एवढं त्यांना भरपूर आहे. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी १९४५मध्ये बोर्डीला काम सुरू केलं, तेव्हा आदिवासी मुलं बालवाडीत येईनात म्हणून त्यांनी बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. पुढे 'विकासवाडी' या आपल्या प्रयोगात त्यांनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र ठेवली. धाकट्याला सांभाळत घरी बसणारी मोठी बहीण त्यामुळे शाळेत येऊ शकली. तुम्ही बहिणीच्या जागी आईसाठी तेच करताय. घरच्यांना हे समजावून सांग. एक दिवस सासूबाईंनाच बोलावून खोलीत बसवा.

न्यायला येणाऱ्यांची नावं फोटोसह आईकडून आधीच लिहून घ्या. यादीत नाव नसेल तर सख्खा काका आला तरी बाळ द्यायचं नाही. आईला फोन करायचा. लोक रागावतील, रागावू देत. उशिराला मात्र दंड लावू नका. इकडे बऱ्याच ठिकाणी मिनिटांवर आकारतात, पण मेढ्याची गाडी चुकली हा त्या मुलीचा गुन्हा नव्हे. त्याऐवजी एका ताईची पाळी तासभर उशिरापर्यंत ठेवा आणि त्या तासाचे पैसे तिला द्या.

श्रीकांतकाका, तुमची अडचण कळते, पण मला हे पटत नाही. घसरगुंडी दहा वर्षं तिथेच राहील. ताई मात्र पगार परवडेना म्हणून सहा महिन्यांत गेली, तर ज्या बाळाने तिच्यावर जीव लावला त्याला पुन्हा पहिल्यापासून रडत बसावं लागेल. वर लिहिलेले सगळे नियम ताई टिकली तरच टिकतात. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या बोर्डिंगातली पोरं जेवावीत म्हणून त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, ते याच साताऱ्यात. देणगीदारांना एवढं सांगितलं तरी पगाराचे पैसे कशासाठी ते कळेल.

माझी सूचना अशी : दीड वर्षावरची आठच मुलं घ्यायची, दोन ताया नेमायच्या आणि त्यांचा तीन वर्षांचा पगार मंडळाने आधीच कॉलेजच्या खात्यात वेगळा ठेवायचा. खेळण्यांना भांडी, दोऱ्या, लाकडाचे ठोकळे पुरतात, ते साताऱ्यातच मिळतील. तान्ह्या बाळांचं पुढच्या वर्षी बघू, तिसरी ताई मिळाल्यावर.

पहिल्या वर्षाच्या एका ताईचा पगार मी देते. दुसरीसाठी कोण पुढे येतंय ते याच धाग्यावर कळवा. वैशाली, तिथल्या हिशोबाने महिन्याचा आकडा टाक. आणि तो अंगणवाडीच्या मानधनाकडे बघून ठरवू नकोस, त्या बाईचं घर चालेल असा ठरव.

मनीषा