जग जवळ आलं, मग धर्म सैल का पडला नाही?

आडवाट

पीटर बर्गर नावाचे एक समाजशास्त्रज्ञ होऊन गेले. १९६८ साली त्यांचं भाकीत होतं की एकविसाव्या शतकात श्रद्धाळू माणसं फक्त लहानसहान पंथांत उरतील, जगभरच्या निधर्मी वाऱ्यात एकमेकांना धरून बसलेली. १९९९ मध्ये याच गृहस्थांनी आपलं चुकलं असं छापून सांगितलं. (विद्वानाने आपणहून चूक कबूल करावी, एवढ्यासाठीच मला ते आवडतात.)

मधल्या काळात बरंच घडलं होतं. इराणमधून हद्दपार झालेले धर्मगुरू खोमेनी पॅरिसजवळच्या एका गावात बसून फोनवरून बोलायचे, इराणात ते टेप व्हायचं आणि कॅसेटवर कॅसेट निघत हातोहात फिरायचं. १९७९ मध्ये इराणच्या बादशहांची, शहांची, सत्ता गेली. त्याच वर्षी पोप जॉन पॉल दुसरे कम्युनिस्ट पोलंडमध्ये जाऊन आले आणि पुढच्या वर्षी तिथे सॉलिडॅरिटी ही सरकारविरोधी कामगार संघटना उभी राहिली. फोन, विमान, कॅसेट ही सगळी आधुनिक साधनं, आणि त्यांच्यावर स्वार झाला तो धर्म.

माझं म्हणणं असं, की जागतिकीकरणाने धर्म मारला नाही, जमिनीतून उपटून कुंडीत लावला. जमिनीत होता तेव्हा त्यात बोली होती, शेजारपाजार होता, 'चालतं हो एवढं' म्हणणारी म्हातारी माणसं होती. नियम होते, तशाच पळवाटाही होत्या, आणि दोन्ही न शिकवता कळायचं. माणूस परमुलखात गेला की पळवाटा मागे राहतात, नियम तेवढे सामानात येतात. मग मुलं विचारतात, "आपल्यात नेमकं काय सांगितलंय?" उत्तर येतं ग्रंथातून नाहीतर मोबाइलच्या पडद्यावरून. या दोघांनाही 'चालतं हो' म्हणता येत नाही. पुढची पिढी कधी कधी आईबापांपेक्षा कडक निघते ती यामुळे.

शंकासुर

असहमत. कुंडीची उपमा गोड आहे, पण कुंडीतलं झाड पाण्यावाचून सगळ्यात आधी मरतं हे विसरलात. आणि ते मरतंय.

इंग्लंड आणि वेल्सची जनगणना घ्या. स्वतःला ख्रिस्ती म्हणवणारे २०११ मध्ये ५९.३ टक्के होते, २०२१ मध्ये ४६.२. 'धर्म नाही' या रकान्यात ३७.२ टक्के. आयर्लंड तर याहून बोलकं. १९७९ मध्ये तुमचे तेच पोप डब्लिनला गेले तेव्हा एका मैदानात दहा लाखांवर लोक जमले होते. १९९५ मध्ये तिथे घटस्फोटाला कशीबशी परवानगी मिळाली, सार्वमतात ५०.३ टक्के. २०१८ मध्ये गर्भपातावरची बंदी उठवायला ६६.४ टक्के लोक तयार झाले. मधल्या काळात हा देश परदेशी कंपन्यांना आणि गुंतवणुकीला सताड उघडा झाला होता. कडक नातवंडांचे किस्से बातमीत येतात. जो नातू गुपचूप प्रार्थनेला जायचाच बंद झाला, त्याची बातमी होत नाही.

कोरा कागद

आयर्लंडचं श्रेय जागतिकीकरणाला देऊ नका. तिथे लोक बाजारपेठेमुळे चर्चपासून तुटले नाहीत, चर्चच्या संस्थांमध्ये मुलांवर जे अत्याचार झाले त्यामुळे तुटले. या अत्याचारांच्या चौकशीचा २००९ चा रायन अहवाल आला तेव्हा दशकानुदशकं दाबलेलं एकदम समोर आलं. घरात आग लागली म्हणून माणसं बाहेर पळाली, आणि तुम्ही म्हणताय हवा छान होती म्हणून फिरायला निघाली.

शंकासुर

आग जुनीच होती. १९५० मध्येही होती. तेव्हा का नाही कुणी बाहेर पडलं? कारण बाहेर काही असतं हेच दिसत नव्हतं. दुसरीकडे वेगळं चालतं हे पाहिल्यावरच आपल्याकडचं खुपायला लागतं. जागतिकीकरणाचं एवढंच काम, ते खिडकी उघडून देतं.

रातकिडा

वाद घालत नाही, पाहिलेलं सांगतो. २०२० च्या टाळेबंदीत घरातलं एक वडीलधारं माणूस गेलं. प्रार्थना व्हिडिओ कॉलवर. चार देशांतून वीसेक चौकोन, कुणाकडे पहाट, कुणाकडे मध्यरात्र. एका चौकोनात नुसतं छत आणि पंखा, कारण काकांना फोन कसा धरायचा ते शेवटपर्यंत जमलं नाही. धर्मगुरू आमच्या घरी तीसेक वर्षं येणारे. मधेच एका भाचीने विचारलं, "या ओळीचा अर्थ काय?" त्यांनी चष्मा सारखा करून तोंड उघडलं, तेवढ्यात दुसऱ्या एकाने चॅटमध्ये लिंक टाकली. कुठल्याशा तिसऱ्याच खंडातले प्रवचनकार, लाखो बघणारे. त्यांच्या मते ती ओळच चुकीची, मूळ ग्रंथात नाहीच. भाची ती वाचत बसली. आमचे गुरुजी बोलत होते, पण म्यूटवर. नुसते ओठ हलताना दिसले.

धर्म कोणता ते मुद्दाम लिहीत नाही. वेगवेगळ्या धर्मांच्या दोन मित्रांना हे सांगितलं तर दोघेही म्हणाले, अगदी आमच्याकडचंच.

तिसरी घंटा

तुम्ही सगळे श्रद्धेवर बोलताय. समाजाला ताप होतो तो श्रद्धेचा नाही, 'आम्ही अमुक धर्माचे' या बिल्ल्याचा. स्वित्झर्लंड, नोव्हेंबर २००९, मशिदींचे नवे मिनार बांधायला बंदी घालावी का यावर सार्वमत. ५७.५ टक्के 'हो' म्हणाले. त्या वेळी अख्ख्या देशात मिनार किती? चार! सगळ्यात जोरात 'हो' आला आपेनझेल इनररोडन या चिमुकल्या परगण्यातून, ७१ टक्के. तिथे एकही मिनार नव्हता. 'हो' म्हणणारे सगळे दर रविवारी चर्चमध्ये जात होते असंही नाही. देव सुटला तरी 'आम्ही' आणि 'ते' सुटत नाही. जग जवळ आलं की 'ते' आधी टीव्हीवर दिसतात आणि शेजारी फार उशिरा, कधी कधी येतच नाहीत.

शंकासुर

अर्धंच सांगितलंत. जिनिव्हाने ती बंदी नाकारली. चारांतला एक मिनार तिथेच आहे. म्हणजे जिथे रोज जिन्यात गाठ पडते तिथे भीती कमी, जिथे फक्त ऐकीव माहिती तिथे जास्त. हे माझ्या बाजूचं उदाहरण झालं. धन्यवाद.

आडवाट

जिनिव्हाचा मुद्दा मान्य. शेजारधर्म भीती कमी करतो, यावर वाद नाही. गुपचूप बाहेर पडणाऱ्या नातवाचाही मान्य, मी त्याला मोजलंच नव्हतं. म्हणजे कुंडीत दोन्ही होतं, काही झाडं वाळतात आणि काही काटेरी होतात. मधली, सावली देणारी, तेवढी दिसेनाशी होतात.

पण 'खिडकी उघडली की मोकळेपणा येतो' हे मला पटत नाही. खिडकीतून वारा दोन्हीकडून येतो. १९९८ ची लँबेथ परिषद बघा. जगभरचे अँग्लिकन, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडच्या परंपरेतले, बिशप इंग्लंडमध्ये, कँटरबरीला जमले होते. समलिंगी संबंध बायबलशी विसंगत आहेत असा ठराव ५२६ विरुद्ध ७० मतांनी झाला. जोर कुणाचा, तर मुख्यतः आफ्रिका आणि आशियातल्या बिशपांचा. ज्या देशाने शंभर-दीडशे वर्षांपूर्वी मिशनरी पाठवून यांच्या पूर्वजांना बायबल शिकवलं, त्याच देशात येऊन यांनी सांगितलं की तुम्ही बायबल विसरलात. निर्यात केलेला माल परत आला, तोही मूळ कारखान्यातल्यापेक्षा अस्सल असल्याचा दावा करत. यात शंकासुरांची ओहोटी आहे आणि माझी भरतीही. समुद्र एकच.

रातकिड्याचा किस्सा मात्र माझ्या अख्ख्या लेखापेक्षा भारी आहे.

शंकासुर

भरती-ओहोटी म्हटलं की कुणीच हरत नाही, सोय आहे. मी 'धर्म नाही'वाल्या ३७.२ वर ठाम आहे, २०३१ च्या जनगणनेला धागा वर काढा.

रातकिडा, त्या गुरुजींना म्यूट काढायला कुणी सांगितलं की नाही?

रातकिडा

सांगितलं, त्यांच्याच नातवाने. तोवर भाचीची बॅटरी संपली होती.