मदत हवी आहे: गुडघ्याची कूर्चा (हाडाच्या टोकावरचा गुळगुळीत थर), छिद्रं पाडायची की पेशी बसवायच्या?

मंडळी, आम्ही रावेरचे. धाकटा भाऊ, वय 27. केळीचा घड खांद्यावर घेऊन बांध उतरताना पाय मुरगळला, तेव्हापासून गुडघा मधेच अडकतो. एमआरआयमध्ये मांडीच्या हाडाच्या टोकाची साधारण 3 चौरस सेंटिमीटर कूर्चा उडालेली दिसते.

जळगावचे डॉक्टर म्हणतात, मायक्रोफ्रॅक्चर करू. हाडाला बारीक छिद्रं पाडली की रक्त येऊन जागा भरते. पण भरते ती तंतुमय कूर्चा, मूळच्यासारखी टिकाऊ नाही. एवढ्या मोठ्या डागाला पुरेल का? पुण्यात भावाच्याच कूर्चेच्या पेशी लॅबमध्ये वाढवून बसवायचं सुचवलं. दोन ऑपरेशनं, मधे काही आठवडे. खर्च ऐकून आई गप्पच झाली.

कुणी हे करून घेतलंय का? शेतात परत उतरायला किती महिने लागले? (तेल चोळायला सांगू नका, आजीचं ते करून झालंय.)