महिंद्रा ५७५ ट्रॅक्टरचे मागचे टायर: दाते शाबूत, बगलेला भेगा. बदलू का?

संत्राबाग_काटोल
२००४ ची महिंद्रा ५७५ डीआय, टू-व्हील ड्राइव्ह. मागं १३.६-२८ (टायरची रुंदी १३.६ इंच, रिम २८ इंच). दाते अर्ध्याच्या वर शिल्लक आहेत, पण बगलेला सगळीकडे भेगा. बागेत फवारणीचा ब्लोअर, काळ्या रानात नांगर-वखर, अन् बहार तुटला की नागपूरच्या कळमना बाजारात भरली ट्रॉली. एक म्हणतो दात्यांवर नवं रबर चढवून घे. दुकानदार म्हणतो १४.९ टाक, ओढ वाढते. डावा जास्त खराब आहे. तो एकटाच बदलला तं चालेल का?

उमरेडरोड_५७५
भाऊ, रबर कायले चढवता? दाते तं आहेतच तुमचे. म्हातारी झाली ती बगल, अन् तिथं कोणी रबर चढवत नाही. आपल्याकडचा मे महिना अंगणात उघड्यावर काढला की कोणतंही रबर असंच तडकते.

भेग फाकवून पाहा. आतला धागा दिसला तं त्या टायरवर ट्रॉली जोडायची नाही, मंग दाते नवे असोत का जुने. वरवरच्या बारीक रेषा असल्या तं बागेतलं हलकं काम होते. बगलेवर चार आकडे असतात, १४२३ म्हणजे २०२३ चा चौदावा आठवडा. नवा घेतानाही हेच वाचा. दुकानाच्या माळ्यावर पडून राहिलेला माल नवा म्हणूनच विकतात.

१४.९ नं जमिनीची पकड वाढते, हे खरं. पण चाक उंचीनं पाचेक सेंटिमीटर वाढते, म्हणून त्याच गिअरमध्ये गाडी जास्त पळते अन् इंजिनाची ओढ उलट थोडी घटते. दुकानदार हे अर्धंच सांगतो. ५७५ ले दोन्ही साइज येतात, पण आधी रिमवरचा आकडा (रिमची रुंदी, इंचात) वाचा: डब्ल्यू १२ वर १४.९ बसतो, डब्ल्यू ११ वर बसवू नका. अन् झाडांच्या ओळीत रुंद टायर फांद्या मोडते. मी असतो तं १३.६ चीच जोडी घेतली असती.

जोडीच घ्या. एक नवा, एक झिजलेला असला तं सरळ चालतानाही डिफरन्शिअल, म्हणजे दोन चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारे गिअर, विनाकारण फिरत राहते.

जेसीबी_मौदा
आमच्या मशीनचे उतरलेले १६.९-२८ स्वस्तात देतो म्हणणारे भेटतील. घेऊ नका. त्याचे दाते बुटके अन् रुंद, चिखलात भरून येतात. बसवताना हवा ३५ पीएसआयच्या वर चढवू देऊ नका. टायरची कड रिमवर बसली नाही तं हवा सोडून, साबणपाणी लावून पुन्हा. कड बसवायले पेट्रोल टाकून भडका करणारा दिसला की ट्रॅक्टर घेऊन निघून या.

संत्राबाग_काटोल
पाहिलं. डाव्याचा धागा दिसते, उजव्याचा नाही. दोन्हीवर ०९१२. रिमवर डब्ल्यू १२. आत वजनासाठी पाणी भरलेलं आहे.

उमरेडरोड_५७५
२०१२ चे म्हणजे दोन्ही काढा. आधी पाणी सोडा, दीडेक क्विंटल वजन असते एका चाकात. उतरल्यावर रिमचं व्हॉल्व्हचं भोक पाहा, पाण्यानं तिथंच सडते. सडलं असलं तं रिमचा खर्च धरूनच बसा, नाही तं नवी ट्यूब पहिल्याच नांगरणीत कापल्या जाईल. बिल पक्कं घ्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरच्या टायर-ट्यूबवर जीएसटी १८ चा ५ टक्के झाला, जुना दर लावला तं तिथंच बोला.