मदत हवी आहे : ऑर्ग मोडच्या तक्त्यात सूत्र लावल्यावर मजुरीचे सगळे आकडे शून्य येतात

मजुरीवही :
नमस्कार. मी सोलापुरात अक्कलकोट रस्त्यावरच्या औद्योगिक वसाहतीत टॉवेलच्या एका लहान कारखान्याचा हिशेब पाहते. यंत्रमागावरच्या कामगारांची आठवड्याची मजुरी या वेळी प्रथमच ईमॅक्स या मजकूर लिहिण्याच्या साधनात, त्यातल्या ऑर्ग मोड या सोयीच्या तक्त्यात मांडली आहे. रकाने अनुक्रमे नाव, डझन, दर, मजुरी, शिल्लक उचल, कपात आणि देय असे आहेत. तक्त्याखालच्या सूत्रांच्या ओळीत मजुरीसाठी $४=$२*$३, उचलीच्या १० टक्के कपातीसाठी $६=$५/१००*१० आणि देय रकमेसाठी $७=$४-$६ असे लिहिले आहे. तरीही तिन्ही रकान्यांत पहिल्या कामगारापासून शेवटच्या कामगारापर्यंत ० येतो. त्रुटीचा कोणताही संदेश येत नाही. उद्या शनिवार, पगाराचा दिवस आहे आणि माझे तीन तास यातच गेले आहेत. कृपया कोणी लवकर सांगेल का?

निळीशाई :
सूत्राची ओळ लिहिली म्हणजे गणित आपोआप होत नाही. त्या ओळीवर कर्सर ठेवून कंट्रोल सी दोनदा दाबावे लागते, किंवा तक्त्यात कुठेही उभे राहून कंट्रोल यू, कंट्रोल सी आणि तारका असे क्रमाने दाबावे लागते. आपण यांपैकी काय केले, ते लिहिलेले नाही. शीर्षकाच्या ओळीखाली आडवी रेषा आहे का, हेही सांगावे, कारण त्या पहिल्या रेषेच्या वरच्या ओळींना रकान्याचे सूत्र लागत नाही. रेषाच नसेल, तर ते सूत्र शीर्षकावरही चालते.

मजुरीवही :
कंट्रोल सी दोनदा दाबले, म्हणूनच शून्य आले, त्याआधी ते रकाने रिकामेच होते. शीर्षकाखाली रेषा आहे.

सातरस्ता :
ताई, पगार उद्यावर आला असताना या भानगडीत कशाला पडता? लिब्रेऑफिसच्या हिशेबाच्या तक्त्यात तेच दहा मिनिटांत तयार होईल. माझ्या भावाच्या चादरीच्या दुकानाचा सगळा हिशेब मी त्यातच ठेवतो आणि आजवर कधीही अडलो नाही. मजकूर लिहिण्याच्या साधनात आकडेमोड करायची म्हणजे काट्याने सूत कातण्यासारखे आहे.

मजुरीवही :
सूचनेबद्दल आभार, पण मागच्या उन्हाळ्यात काम चालू असताना वीज गेली आणि तशीच एक फाइल पुन्हा उघडलीच नाही. साधी मजकुराची फाइल निदान कशातही उघडता येते आणि या आठवड्याचा तक्ता मागच्या आठवड्याशेजारी ठेवून ओळीओळीने ताडता येतो. शिवाय कारखान्यातला संगणक जुना आहे. मला साधन बदलायचे नाही, हे शून्य का येते ते समजून घ्यायचे आहे.

सातरस्ता :
वीज जाण्याचा दोष त्या प्रणालीवर टाकणे योग्य नाही. प्रत त्या प्रणालीतही राखून ठेवता येते.

विजापूरवेस :
सातरस्ता, त्यांनी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर यात नाही. ताई, संगणक जुना असला तरी काळजी नको. कार्स्टन डोमिनिक यांनी २००३ मध्ये सुरू केलेले ऑर्ग मोड २००७ च्या ईमॅक्स २२ पासून सोबतच येते आणि अशी साधी सूत्रे जुन्या आवृत्तीतही चालतात. मात्र सूत्रांच्या ओळीत जे काही आहे, ते अर्धविरामासकट सगळे इथे उतरवा. आपण आठवणीतून लिहिले असावे, अशी मला शंका आहे. आणि सूत्रातले आकडे आपण फाइलमध्येही असेच देवनागरीत लिहिले आहेत का?

मजुरीवही :
सूत्रातले आकडे फाइलमध्ये इंग्रजीच आहेत. इथे मराठीत लिहिते आहे, म्हणून ते असे उमटले. प्रत्येक सूत्राच्या शेवटी अर्धविराम आणि इंग्रजी एन हे अक्षर आहे. मी एका नमुन्यावरून सूत्रांची ओळ उतरवली आणि त्यात ते होते, म्हणून राहू दिले. त्याचा याच्याशी काही संबंध असेल, असे मला वाटले नाही.

ताणाबाणा :
तक्त्याच्या उभ्या रेषा एकाखाली एक येत नसतील, तर तो टंकाचा दोष आहे. देवनागरी अक्षरांची रुंदी सारखी नसते, त्यामुळे नावांचा रकाना वाकडा दिसतो. त्यासाठी व्हीअलाइन नावाचे एक पॅकेज आहे, ते बसवून घ्यावे. मी व्हिम या अशाच दुसऱ्या साधनातल्या टेबल मोडकडूनच इकडे वळलो, तेव्हा प्रथम हाच त्रास झाला होता.

निळीशाई :
रेषा वाकड्या असल्याची त्यांची तक्रारच नाही आणि असत्या तरी गणितावर त्याचा परिणाम होत नाही. कोणता रकाना कितवा, हे ऑर्ग मोड उभ्या दांड्यांवरून मोजते, अक्षरांच्या रुंदीवरून नव्हे.

विजापूरवेस :
त्या एन अक्षराचा संबंध आहे, आणि माझ्या मते मूळ इथेच आहे. एन दिले की प्रत्येक घरातला मजकूर सक्तीने संख्येत बदलला जातो आणि जे संख्या म्हणून वाचता येत नाही त्याचा शून्य धरला जातो. म्हणजे तुमच्या डझनाच्या आणि दराच्या घरांत जे आहे, ते ईमॅक्सला संख्या वाटत नाही. आता एवढे करा : डझनाच्या रकान्यातल्या कोणत्याही २ या आकड्यावर कर्सर नेऊन कंट्रोल एक्स आणि मग बरोबरीचे चिन्ह दाबा. खालच्या ओळीत त्या अक्षराचा क्रमांक दिसेल. तो ५० आहे की २४०८?

मजुरीवही :
२४०८.

विजापूरवेस :
म्हणजे तो देवनागरी २ आहे. युनिकोडमध्ये देवनागरी आकडे २४०६ ते २४१५ या क्रमांकांवर बसतात आणि इंग्रजी २ ला ५० हा क्रमांक असतो. तुम्हीआम्ही दोन्ही चिन्हांना दोनच म्हणतो, पण ऑर्ग मोडची सूत्रे सोडवणाऱ्या, ईमॅक्समधल्याच कॅल्क या गणकासाठी फक्त इंग्रजी आकडा ही संख्या आहे आणि तुमचा २ हे क किंवा ख सारखेच एक अक्षर आहे. मराठी कळफलक चालू असताना नावे लिहिली आणि तो तसाच ठेवून पुढे डझन आणि दर भरले, असे झाले असणार.

आता आणखी एक गोष्ट बारकाईने पाहा. उत्तराच्या रकान्यात आलेला शून्य इंग्रजी आहे, कारण तो कॅल्कने लिहिला आहे. दोन्ही लिप्यांतला शून्य दिसायला जवळपास सारखाच गोल असतो. उत्तर ४ किंवा ५ असे काही आले असते, तर शेजारच्या रकान्यापेक्षा त्याचे वळण वेगळे असल्याचे तुमच्या लगेच लक्षात आले असते.

मजुरीवही :
अगदी असेच झाले आहे. मी नाव लिहून टॅब दाबत सरळ पुढे भरत गेले. आता १४ कामगारांचे सगळे आकडे पुन्हा टाइप करायचे का?

ताणाबाणा :
गरज नाही. लिनक्स असेल तर टीआर ही आज्ञा वापरून दहाही आकडे एका फटक्यात बदलता येतात.

निळीशाई :
कृपया टीआर वापरू नका. लिनक्सवर सहसा असणारी टीआर एकेका बाइटवर चालते, तर देवनागरीचा एक आकडा तीन बाइटांचा असतो. फाइलमधल्या नावांचाही चुराडा होईल. सेड या मजकूर बदलणाऱ्या साधनातली वाय ही आज्ञा पूर्ण अक्षरे ओळखते, म्हणून तिला आधी देवनागरी दहा आकडे आणि मग इंग्रजी दहा आकडे त्याच क्रमाने द्यावेत. तत्पूर्वी फाइलची एक प्रत बाजूला ठेवावी.

ताणाबाणा :
मी टीआर अनेकदा वापरली आहे, पण ती इंग्रजी मजकुरावर, हे मान्य करतो. आपले म्हणणे बरोबर आहे.

मजुरीवही :
सेडने आकडे बदलले. मजुरी आता बरोबर येते : पहिल्या ओळीत ४० डझन, दर ९५ आणि मजुरी ३८००. पण कपात भलतीच येते. त्या कामगाराची शिल्लक उचल ६००० आहे, तिचे १० टक्के ६०० व्हायला हवेत आणि तक्त्यात ६ आले आहेत. त्यामुळे देय रक्कम ३२०० च्या जागी ३७९४ दिसते. उचलीचा आकडा तपासला, तो इंग्रजीच आहे.

सातरस्ता :
म्हणूनच मी सुरुवातीला सांगत होतो. हेच सूत्र लिब्रेऑफिसमध्ये घातले, तर ६०० च येतील.

विजापूरवेस :
सातरस्ता, या एका बाबतीत तुमचे बरोबर आहे, तिथे ६०० येतील. कॅल्कचा नियम वेगळा आहे आणि तो माहीत नसला की अनुभवी माणूसही फसतो. नेहमीच्या तक्त्यांत गुणाकार आणि भागाकार यांना समान मान असतो आणि ते डावीकडून उजवीकडे होतात. कॅल्कमध्ये गुणाकाराचा मान भागाकाराच्या वर आहे, म्हणून $५/१००*१० याचा अर्थ तो $५ भागिले १००० असा घेतो आणि ६००० चे ६ होतात. एकतर भागाकाराला कंस घालून ($५/१००)*१० असे लिहा, किंवा गुणाकार आधी घेऊन $५*१०/१०० असे लिहा. मी स्वतः कंस घालतो, कारण सहा महिन्यांनी दुसऱ्या कोणी ते सूत्र वाचले, तरी त्याला हा नियम आठवावा लागत नाही.

आणि सूत्राच्या शेवटचे एन आता काढून टाका. रिकाम्या घराचा शून्य धरावा, अशी गरज असेल तेव्हा ते उपयोगी असते, पण तुमच्या बाबतीत त्याने चूक झाकली. ते नसते तर त्या घरांत पहिल्याच क्षणी त्रुटीची खूण उमटली असती आणि तुमचे तीन तास वाचले असते.

निळीशाई :
एकूण बेरजेची ओळ करणार असाल, तर ती शेवटी एक आडवी रेषा मारून तिच्याखाली घ्या आणि सूत्रात ओळींचे क्रमांक घालू नका. व्हीसम या बेरजेच्या सूत्रात पहिल्या आडव्या रेषेपासून दुसऱ्या आडव्या रेषेपर्यंत असा संदर्भ देता येतो. त्यासाठी @ या चिन्हापुढे रोमन एक आणि रोमन दोन लिहितात. दोन ते पंधरा असे क्रमांक घातले आणि पुढच्या आठवड्यात एखाद्या नव्या कामगाराची ओळ हाताने टाइप करून खाली जोडली, तर ती बेरजेत येणार नाही आणि ते सहजी लक्षातही येणार नाही. शेवटच्या ओळीच्या मजुरी, कपात आणि देय या तिन्ही घरांना स्वतंत्र सूत्र द्या आणि ती सूत्रे दोन अपूर्णविरामांनी वेगळी करा. घराचे सूत्र रकान्याच्या सूत्राच्या वर चालते, त्यामुळे आपसात गोंधळ होत नाही. कोणते घर कितवे, हे मोजत बसू नका. कंट्रोल सी आणि बंद महिरपी कंस दाबला की ओळींचे आणि रकान्यांचे क्रमांक तक्त्यावरच दिसतात.

मजुरीवही :
कपात ६०० आली, देय ३२०० आले, बेरीजही जुळली. मात्र एक अडचण उरली आहे. हा कागद मी छापून कारखान्यातल्या फळ्यावर लावते. आमच्याकडचे वयस्कर कामगार मराठी आकडेच वाचतात आणि आपली मजुरी दुसऱ्या कोणाकडून वाचून घेण्याची वेळ त्यांच्यावर यावी, हे मला मान्य नाही. माझ्याकडून घरांत देवनागरी आकडे पडत गेले त्याचेही मूळ हेच आहे, अनेक वर्षे मी तो कागद तसाच हाताने लिहीत आले.

विजापूरवेस :
आपली काळजी रास्त आहे आणि त्यावर उपाय आहे. मूळ फाइलमध्ये आकडे इंग्रजीच ठेवा, म्हणजे गणित तिथे होईल. छापण्यापूर्वी कंट्रोल सी, कंट्रोल ई दाबून साध्या मजकुरात निर्यात करा आणि त्या निर्यात केलेल्या प्रतीवर सेडची तीच आज्ञा उलट क्रमाने चालवा. सूत्रांची ओळ निर्यातीत येत नाही, त्यामुळे कागदावर फक्त तक्ता उरतो. मूळ फाइलवर मात्र ती उलटी आज्ञा चुकूनही चालवू नका, नाहीतर आज जिथून सुरुवात केली तिथेच परत याल.

पुढच्या आठवड्यापासून नावांचा रकाना एकदाच मराठीत भरून ठेवा. त्यानंतर कंट्रोल आणि उलटी तिरकी रेघ दाबून ईमॅक्सचा मराठी कळफलक बंद करा आणि मगच आकड्यांना हात लावा. कळफलक ईमॅक्सचा नसून संगणकाचा असेल, तर तो तिथून बदलावा लागेल.

मजुरीवही :
निर्यात करून छापले, कागद हातात आहे आणि त्यावरचे सगळे आकडे मराठी आहेत. खात्री व्हावी म्हणून मागच्या आठवड्याचे डझन आणि दर याच तक्त्यात भरून हाताच्या वहीशी ताडून पाहिले. १४ पैकी १३ ओळी जुळल्या. एका कामगाराचे ३८ डझन ९५ च्या दराने मी वहीत ३५१० लिहिले होते, ते ३६१० हवेत. त्यांचे १०० रुपये उद्याच्या पाकिटात वेगळे घालते आणि कागदावर त्यांच्या नावापुढे तशी नोंद करते. विजापूरवेस आणि निळीशाई, आपण दोघांनी रात्री एवढा वेळ दिलात, मी मनापासून आभारी आहे.